शिष्यवृत्ती द्यायची, पण चौथ्या वर्षाचे काय?

वाचकांचे पत्र

मी विमान-आरेखनाच्या क्षेत्रातून निवृत्त झालेला अभियंता आहे. आमच्या गटातील एक सहकारी गेल्या वर्षी वारले. त्यांच्या स्मरणार्थ आम्ही चार निवृत्त मित्रांनी न्यास स्थापन केला असून एरोस्पेस अभियांत्रिकी शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देण्याचे ठरवले आहे. जमलेल्या निधीच्या उत्पन्नातून आज एका विद्यार्थ्याचे एका वर्षाचे पूर्ण शुल्क भागते. एका विश्वस्तांच्या मते दर वर्षी एका गुणवंताला मोठी रक्कम द्यावी, दुसऱ्यांच्या मते तीच रक्कम दहा जणांत वाटावी, तर तिसऱ्यांना एखाद्या महाविद्यालयाला विंड टनेल (विमानाच्या भागांवरील वाऱ्याचा परिणाम तपासण्याचा बोगदा) घेऊन देणे अधिक टिकाऊ वाटते. निवड गुणांवर करावी की आणखी कशावर, याबद्दलही एकमत नाही. शिवाय एका विश्वस्तांची पुतणी याच शाखेत शिकते आहे. तिला अर्ज करू द्यावा का, हा प्रश्न नाजूक झाला आहे. निधी कायम राहावा आणि मित्राचे नाव टिकावे, एवढी मात्र आम्हा सर्वांची इच्छा आहे.
— एक विश्वस्त

उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या पत्रात प्रश्न पाच आहेत, पण मला त्यांच्या मुळाशी एकच दिसतो: आपण बक्षीस देणार आहात की शब्द? बक्षीस एका दिवसापुरते असते. धनादेश दिला, छायाचित्र निघाले, काम संपले. शिष्यवृत्ती मात्र अभ्यासक्रम संपेपर्यंत पाळायचा शब्द असतो आणि अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा असतो. आपल्या चौघांनी हे एक ठरवले की उरलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे आपोआप सुटतील, असे मला वाटते.

आधी हिशेब मांडू, कारण सद्भावनेने सुरू झालेले बहुतेक छोटे निधी याच ठिकाणी अडखळतात. उत्पन्नातून एका विद्यार्थ्याचे वर्षाचे शुल्क भागते, असे आपण लिहिता. पहिल्या वर्षी आपण एक विद्यार्थी निवडाल. दुसऱ्या वर्षी उत्साहाने दुसरा निवडाल, पण पहिला अजून शिकतो आहे. तिसऱ्या वर्षी तीन होतील आणि चौथ्या वर्षी आपल्या खांद्यावर एकाच वेळी चार विद्यार्थी असतील, उत्पन्न मात्र एकाचेच. मग विश्वस्तांची तातडीची बैठक बसते, ‘पहिल्या वर्षापुरतेच साहाय्य’ असा ठराव होतो आणि ज्या मुलामुलींनी आपल्या भरवशावर प्रवेश घेतला होता त्यांना दोन ओळींचे पत्र जाते.

असे एक पत्र माझ्याही सहीने गेले आहे. एका न्यासाच्या निवड समितीवर मी काही वर्षे होतो. त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही. पहिल्या वर्षी थाटात सत्कार केलेला एक विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या यादीत दिसेना, म्हणून मी सहज चौकशी केली, तेव्हा तो शिक्षण सोडून कामाला लागल्याचे कळले. शुल्काचा उरलेला भाग तो कसाबसा जमवत होता आणि आमचा वाटा थांबल्यावर त्याचा तोल गेला. आमच्या अहवालात त्याचे छायाचित्र मात्र पुढेही दोन वर्षे छापले जात होते.

आता आपल्या ‘कायम निधी’च्या इच्छेकडे वळतो. मुद्दलाची खरेदीशक्ती टिकवायची असेल, तर महागाईपुरते उत्पन्न मागे ठेवून वर्षाला मुद्दलाच्या चार टक्क्यांच्या आसपासच खर्च करावा, असा रूढ हिशेब आहे. म्हणजे एका वर्षाच्या शुल्कासाठी पंचवीस वर्षांच्या शुल्काइतके मुद्दल लागते, आणि साधारण तेवढे आपल्याकडे आहे असे मी धरून चालतो. निधी कायम ठेवून शब्द पाळायचा, तर आपल्याला चार वर्षांतून एकदाच नवा विद्यार्थी घेता येईल. तेच मुद्दल खर्च करत गेलात, तर दर वर्षी एक याप्रमाणे सहा वर्षे सहा विद्यार्थी घेता येतील आणि शेवटचा विद्यार्थी नवव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडेल. तेवढ्याच नऊ वर्षांत कायम निधीतून तिघांनाच सुरुवात करता येते, आणि त्यांतला तिसरा तेव्हा जेमतेम पहिल्या वर्षात असतो.

मुद्दल संपवण्याचा विचार आपल्याला अभद्र वाटेल, याची मला कल्पना आहे. पण आपल्याच क्षेत्राचा इतिहास पाहा. खाणउद्योगातून संपत्ती मिळवलेल्या डॅनियल गुगेनहाइम यांनी १९२५ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाला वैमानिकी विभागासाठी पाच लाख डॉलर दिले आणि १९२६ मध्ये वैमानिकीच्या प्रसारासाठी पंचवीस लाख डॉलरचा निधी स्थापन केला. निधीची सूत्रे त्यांचे पुत्र हॅरी यांच्याकडे होती. ते पहिल्या महायुद्धात नौदलाचे वैमानिक होते, म्हणजे विमान कशाने पडते हे त्यांना कागदावरून शिकायचे नव्हते. त्या निधीतून कॅलटेक, स्टॅनफर्ड, मिशिगन, एमआयटी, वॉशिंग्टन अशा अमेरिकी विद्यापीठांत वैमानिकी अभियांत्रिकीचे शिक्षण उभे राहिले किंवा बळकट झाले, आणि कॅलटेकच्या प्रयोगशाळेसाठी थिओडोर फॉन कार्मान यांच्यासारखा शास्त्रज्ञ युरोपातून आला. वैमानिक जिमी डूलिटल यांनी २४ सप्टेंबर १९२९ रोजी झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून, केवळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान उतरवले, तो प्रयोगही याच निधीचा. आणि १९३० मध्ये, म्हणजे अवघ्या चार वर्षांत, ठरवून हा निधी बंद करण्यात आला. आता हे काम इतरांनी पुढे न्यावे, अशी त्यामागची भूमिका होती. मित्राचे नाव टिकण्याची आपल्याला काळजी आहे, म्हणून मुद्दाम सांगतो की जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठातील एरोस्पेस अभियांत्रिकीच्या विभागाला आजही गुगेनहाइम यांचेच नाव आहे. निधी मिटून नव्वदहून अधिक वर्षे झाली आहेत.

याउलट उदाहरणही आहे आणि ते लपवणे बरे नव्हे. वैमानिक अमेलिया इअरहार्ट १९३७ मध्ये पॅसिफिकवर बेपत्ता झाल्या. नोकरी-व्यवसायातील स्त्रियांच्या ज्या झोन्टा संघटनेच्या त्या सदस्य होत्या, तिने १९३८ मध्ये त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू केली, आणि एरोस्पेसशी संबंधित विषयांत संशोधन करणाऱ्या, कोणत्याही देशातील स्त्रियांसाठी ती आजही दिली जाते. पण झोन्टा ही अनेक देशांत पसरलेली संघटना आहे; जुने सदस्य गेले की नवे येतात आणि देणग्याही येत राहतात. आपण चौघे आहात आणि चौघेही निवृत्त. स्पष्ट लिहितो, राग मानू नये: आपल्यानंतर हा न्यास कोण चालवणार, याचे नावानिशी उत्तर आज आपल्याकडे नसेल, तर कायम निधीच्या नावाखाली आपण पुढच्या कुणा अनोळखी माणसावर एक जबाबदारी आणि बँकेत पडून राहणारे एक खाते सोपवत आहात. माझे मत विचाराल, तर आठ-दहा वर्षांची मुदत ठरवून, आपल्या डोळ्यांदेखत आणि आपल्या हातांनी हा निधी खर्च करावा.

दहा जणांत वाटण्याचा पर्याय मी बाजूला ठेवीन. शुल्काचा दहावा हिस्सा मिळाल्याने कोणाचा प्रवेश होत नाही आणि कोणाचा थांबतही नाही. या सूचनेमागचा चांगुलपणा कळतो, पण त्यातून दहा आभारपत्रांपलीकडे काही हाती लागायचे नाही.

विंड टनेलविषयी मात्र थांबून बोलायला हवे, कारण एका अभियंत्याला ती कल्पना का भुरळ घालते हे मला ठाऊक आहे. धुराच्या रेषा पंखाला चिकटून वाहताना आणि पंखाचा कोन वाढवल्यावर त्याच रेषा वरच्या पृष्ठभागापासून सुटून विस्कटताना एकदा पाहिल्या, की ‘स्टॉल’, म्हणजे पंखाची उचल अचानक घटणे, समजावण्यासाठी फळ्यावरचे समीकरण लागत नाही. पण यंत्र घेणे हा खर्चाचा लहान भाग असतो. बल मोजणाऱ्या तराजूचे कॅलिब्रेशन, पंख्याची मोटर, दाबमापकांच्या नळ्या आणि मुख्य म्हणजे ते चालवणारा तंत्रज्ञ यांची तरतूद दात्याच्या यादीत सहसा नसते. एका महाविद्यालयात देणगीतून आलेला असा बोगदा मी पाहिला आहे: वर ताडपत्री, आत चाचणीच्या कक्षात मोडक्या खुर्च्या आणि बाहेर दात्याच्या नावाची पितळी पाटी, तेवढी चकचकीत. ज्या संस्थेकडे तंत्रज्ञाचे पद भरलेले आहे आणि त्याचा पगार संस्थाच देते, तिथे उपकरण द्यायला हरकत नाही. अन्यथा देऊ नये.

या कल्पनेचा गाभा मात्र टाकून देऊ नका. एरोस्पेसच्या विद्यार्थ्याला हाताने काही करून पाहायला पैसे लागतात आणि नेमके तेच शुल्काच्या पावतीत कुठे येत नाहीत. शीतपेयाच्या डब्यात मावेल एवढा ‘कॅनसॅट’ नमुना-उपग्रह किंवा दूरनियंत्रित विमान बनवणाऱ्या विद्यार्थी गटांत सगळे सारखे दिसतात, पण बाल्साचे हलके लाकूड, कार्बन फायबर, इपॉक्सी गोंद, बॅटऱ्या आणि चाचणीच्या मैदानापर्यंतचा प्रवास यांची वर्गणी काढायची वेळ आली, की गरीब घरातला मुलगा ‘मला या वेळी जमणार नाही, अभ्यास आहे’ असे म्हणून बाजूला होतो. पुढे उन्हाळ्यात विनावेतन इंटर्नशिपसाठी दुसऱ्या शहरात राहायचे झाले, की हीच गोष्ट पुन्हा घडते. गणनेची साधने तरी आता मोफत मिळतात. मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये एमआयटीत लिहिलेला ‘एक्सफॉइल’ हा पंखछेदाचे (पंखाच्या कापाच्या आकाराचे) विश्लेषण करणारा प्रोग्रॅम आजही कोणालाही विनामूल्य वापरता येतो. पण इपॉक्सी कोणी फुकट देत नाही. म्हणून प्रत्येक शिष्यवृत्तीत शुल्काच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका ‘कामखर्च’ वेगळा धरावा आणि त्याचा हिशेब एका कागदावर, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अक्षरात मागावा, इतकेच पुरे. यामुळे वरच्या गणितातला सहावा विद्यार्थी कदाचित पाचावरच थांबेल. ते चालेल.

निवडीबद्दल. गुणांची एक किमान पातळी ठेवावी आणि त्यानंतर गुणपत्रिका बंद करून बाजूला ठेवावी, या मताचा मी आहे. अंतराळवीरांच्या एका न्यासाची पद्धत येथे विचारात घेण्यासारखी आहे. ‘मर्क्युरी’ या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळ मोहिमेतील सात अंतराळवीरांपैकी गस ग्रिसम १९६७ मध्ये अपोलो १ यानाला लागलेल्या आगीत मरण पावले. हयात असलेल्या सहा जणांनी ग्रिसम यांच्या पत्नी बेटी आणि अन्य सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये शिष्यवृत्तीसाठी न्यास स्थापन केला आणि सुरुवातीला सात विद्यार्थ्यांना हजार-हजार डॉलर दिले. पुढे हाच न्यास ‘अॅस्ट्रोनॉट स्कॉलरशिप फाउंडेशन’ या नावाने वाढला. त्यांच्याकडे विद्यार्थी स्वतः अर्ज करत नाही. सहभागी विद्यापीठांतील प्राध्यापक त्याचे नाव सुचवतात, आणि तेही पदवीच्या उत्तरार्धातील विद्यार्थ्याचे, म्हणजे ज्याचे काम कोणीतरी जवळून पाहिलेले आहे अशाचे. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक छिद्र आहे: जो बुजरा आहे, मागच्या बाकावर बसतो आणि संध्याकाळी नोकरी करतो, त्याचे नाव सुचवायला कोणी प्राध्यापक नसतो. म्हणून आपण दोन्ही दारे उघडी ठेवावीत. विद्यार्थ्याने स्वतः अर्ज करावा आणि ज्याने त्याचे काम पाहिले आहे अशा एकाने, मग तो प्राध्यापक असो वा कार्यशाळेतील कारागीर, दोनच प्रश्नांची उत्तरे द्यावीत: या विद्यार्थ्याने काय बनवताना तुम्ही पाहिलेत, आणि ते बिघडले तेव्हा त्याने काय केले?

हा दुसरा प्रश्न मी एका अर्जामुळे शिकलो. एका मुलीने आपल्या बाल्साच्या ग्लायडरविषयी लिहिले होते. सोडल्याबरोबर तो नाक वर करून चढायचा, वेग हरवून खाली पडायचा आणि पुन्हा तेच. तिने आधी शेपटी मोठी केली, तर शेपटीचे वजन वाढून गुरुत्वमध्य आणखी मागे सरकला आणि तो अधिकच बिघडला. शेवटी तिने नाकात शिशाचे छर्रे चिकटवले, दर खेपेला एक छर्रा वाढवून उड्डाणाचे अंतर पावलांनी मोजले आणि त्याचा तक्ता अर्जाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने काढला होता. अकराव्या खेपेपासून अंतर पुन्हा कमी होऊ लागले, हेही तिने प्रामाणिकपणे नोंदवले होते. गुणांच्या यादीत ती दोन टक्क्यांनी मागे पडली आणि आमच्या समितीने तिला नाकारले. मी विरोधात मत दिले, पण पुरेसा भांडलो नाही.

पैसे कधी द्यायचे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी तो विचारायला हवा होता. शुल्काची अंतिम तारीख उलटून गेल्यावर, पावत्या पाहून परतफेड करणारी शिष्यवृत्ती ही प्रत्यक्षात ज्याला कर्ज मिळू शकते त्याच्यासाठीची शिष्यवृत्ती असते. शुल्क थेट संस्थेला, मुदतीपूर्वी भरावे आणि कामखर्च विद्यार्थ्याच्या खात्यात सत्राच्या सुरुवातीला जमा करावा. त्याआधी संस्थेकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: काही विद्यापीठे बाहेरून शिष्यवृत्ती मिळालेली दिसली की स्वतःच्या मदतीतून तेवढीच रक्कम कापतात, आणि मग आपला पैसा विद्यार्थ्याकडे न जाता विद्यापीठाच्या तिजोरीत जातो. अशी कपात होणार नाही, हे त्या संस्थेने कागदावर लिहून द्यायला हवे.

शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याच्या अटी सैल असाव्यात. वायुगतिकी आणि संरचना हे विषय एकाच सत्रात अंगावर येतात, तेव्हा चांगल्या चांगल्यांचे गुण घसरतात. एका सत्राच्या अपयशाबद्दल शिष्यवृत्ती काढून घेऊ नये. आजारपण, घरचे संकट किंवा नोकरी यांमुळे वर्ष-दोन वर्षे खंड पडला, तरी जागा राखून ठेवण्याची तरतूद नियमांतच असावी. नील आर्मस्ट्राँग १९४७ मध्ये नौदलाच्या खर्चाने पर्ड्यू विद्यापीठात वैमानिकी अभियांत्रिकी शिकायला गेले. दोन वर्षे शिक्षण, मग सैनिकी सेवा, मग परत येऊन उरलेले शिक्षण, अशीच ती योजना आखलेली होती. १९४९ मध्ये त्यांना बोलावणे आले, कोरियाच्या युद्धात ते लढाऊ विमाने उडवत होते, १९५२ मध्ये ते विद्यापीठात परतले आणि १९५५ मध्ये त्यांना पदवी मिळाली. सलग उपस्थितीची अट घालणाऱ्या एखाद्या समितीने त्यांचे नाव मधल्या काळात खोडले असते. तसेच विद्यार्थ्याने एरोस्पेस सोडून यांत्रिकी, इलेक्ट्रॉनिक्स किंवा पदार्थविज्ञान घेतले, तर शिष्यवृत्ती थांबवण्याची घाई करू नये. विमान आणि उपग्रह या सगळ्यांच्याच हातून बनतात, हे आपल्याला मी सांगायला नको.

पुतणीच्या अर्जाचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. विश्वस्तांच्या, देणगीदारांच्या आणि निवड समितीच्या आप्तांना अर्ज करता येणार नाही, हे न्यासाच्या नियमांत पहिल्या बैठकीतच लिहून घ्यावे. अनेक देशांत विश्वस्तांच्या नातलगांना लाभ दिल्यास न्यासाची करसवलतही धोक्यात येते. ‘ते विश्वस्त त्या दिवशी बैठकीबाहेर बसतील’ हा तोडगा सुचवला जाईल, तो स्वीकारू नये. मुलगी खरोखर हुशार असेल, तर तिच्यावरही तो अन्याय होईल, कारण मिळालेली शिष्यवृत्ती काकांची होती, हे तिला जन्मभर ऐकावे लागेल. तिला इतरत्र अर्ज करायला आपण चौघांनी मदत करावी, शिफारसपत्रही द्यावे.

आता कामाचा क्रम. जाहिरात देण्यापूर्वी निवडपत्राचा मसुदा लिहा आणि त्यात पहिल्या हप्त्याबरोबर शेवटच्या हप्त्याचीही तारीख घाला. चौघांच्या सह्या त्या तारखेखाली होत असतील, तरच जाहिरात द्या. अर्जाचा नमुना तयार झाल्यावर मला जरूर पाठवा, मी आनंदाने वाचेन. मात्र तो दोन पानांपेक्षा मोठा असेल, तर न वाचताच परत करीन.